वळूची किंमत छापता, त्याच्या आईचे दूधही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यात्रांचा हंगाम सुरू झाला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर खिलार वळूंची छायाचित्रे दिसू लागतात. रंगवलेली शिंगे, पाठीवर झूल, शेजारी फेटा बांधलेला मालक आणि मथळ्यात लाखांची किंमत, असा त्या बातमीचा साचा आता वाचकांना पाठ झाला आहे. वळूची उंची, त्याचा रंग, त्याच्या खुराकातली अंडी, दूध आणि बदाम यांचा तपशील बातमीत असतो. पण त्याच्या आईची किती वेते झाली, वासराला पाजून तिचे किती दूध निघत होते, व्याल्यानंतर ती किती महिन्यांनी पुन्हा गाभण राहिली आणि या वळूने फळवलेल्या गाईंपैकी किती गाई उलटल्या, म्हणजे न राहता पुन्हा माजावर आल्या, याबद्दल एक ओळही नसते. पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त होऊन मी माणदेशात खिलार गाई सांभाळतो. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात वळूची निवड या छायाचित्रांवरूनच होऊ लागली आहे आणि त्याचे परिणाम गोठ्यांत दिसू लागले आहेत, म्हणून हे पत्र.

गाय दीड-दोन वर्षांत एक वासरू देते, तर गावाचा वळू एका वर्षात पन्नास वासरांचा बाप होऊ शकतो. त्यामुळे वळू निवडताना झालेली चूक एका गोठ्यापुरती राहत नाही. जुन्या पिढीला हे ठाऊक होते. गावात एखादा निवडक वळू राखला जाई किंवा देवाच्या नावाने पोळ सोडला जाई, आणि बाकीचे खोंड औताला धरण्यापूर्वी खच्ची होत. निकृष्ट वळू मोकळे राहू नयेत म्हणून आपल्याकडे १९३३ साली मुंबई पशुधन सुधारणा कायदाही झाला होता. पुढे ट्रॅक्टर आला, बैलाचे काम संपत गेले आणि खोंड खच्ची करण्याची गरजच उरली नाही. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्या कायद्याच्या इष्टानिष्टतेत मला येथे शिरायचे नाही. मात्र कोणालाच नको असलेले, खच्ची न केलेले खोंड गावोगाव मोकाट फिरतात आणि गायरानात चरणाऱ्या गाई परस्पर त्यांच्याकडून फळतात, ही आजची स्थिती आहे. एका टोकाला हा मोकाट खोंड आणि दुसऱ्या टोकाला लाखाचा प्रदर्शनी वळू, यांच्या मधला तपासून निवडलेला वळू जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

बैलगाडा शर्यतींचा मुद्दा यात येतोच. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी घातलेली बंदी, १६ डिसेंबर २०२१ रोजी मिळालेली परवानगी आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर केलेले शिक्कामोर्तब, या प्रवासानंतर खिलार खोंडाला पुन्हा भाव आला. हे मी चांगलेच मानतो, कारण ज्या जनावराला भाव नाही त्याची जात टिकत नाही. परंतु शर्यतीत धावण्याचा वेग आणि पुढच्या पिढीला द्यायचे गुण यांची गल्लत होते आहे. नंबरात आलेल्या बैलाचा सख्खा भाऊ म्हणून खोंड वळू ठरतो आणि परिसरातल्या गाई त्याच्याकडे नेल्या जातात. या गाईंच्या कालवडी पुढे शर्यतीत धावणार नसतात. त्यांना वेळेवर माजावर यायचे असते, गाभण राहायचे असते आणि वासराला पुरून घरापुरते दूध द्यायचे असते.

वळू पाहायला गेल्यावर प्रथम त्याच्या आईच्या गोठ्यात जावे, असे मी शेतकऱ्यांना सांगत असे आणि आजही सांगतो. आई विकली गेली असेल तर त्याच्या बहिणी पाहाव्यात. त्याच्या कालवडी व्याल्या असतील तर त्याहून चांगला पुरावा नाही. कासेची ठेवण, चारही सडांची सारखी लांबी, दोन वेतांतले अंतर आणि स्वभाव हे सारे तेथे समजते. खिलार जात तापट आहे, हे मान्य. पण मालकावरही धावून जाणारा वळू रुबाबदार म्हणून गौरवला जातो, तेव्हा तोच स्वभाव पुढच्या दावणीला बांधला जाणार आहे याचा विसर पडतो.

त्यानंतर प्रत्यक्ष वळू. वशिंड, शिंगे आणि पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) यांकडे सर्वांची नजर जाते, मागच्या पायांकडे फारच थोड्यांची. गाईवर चढताना सारा भार मागच्या पायांवर येतो. घोटा फार सरळ असेल किंवा खूर वेडेवाकडे वाढलेले असतील, तर तो वळू तीन-चार वर्षांतच काम टाळू लागतो. मुतान, म्हणजे पोटाखालचे लिंगावरचे आवरण, फार लोंबते असेल तर काट्याकुट्यांत त्याला जखमा होतात. मग वृषण. मागे उभे राहून दोन्ही हातांनी ते हळूच खाली ओढून चाचपले, तर निरोगी वृषण दोन्ही बाजूंनी सारखे, घट्ट आणि किंचित दबणारे लागतात, खालच्या टोकाला शुक्राणू साठवणारी गाठ स्पष्ट हाताला येते आणि त्वचा पिशवीत मोकळी सरकते. एक बाजू लहान, पिठाच्या गोळ्यासारखी मऊ किंवा दगडासारखी कठीण लागली, तर शिंगे कितीही डौलदार असोत, पुढची बोलणी तेथेच थांबवावीत. साध्या फितीने वृषणांचा घेर मोजता येतो. हा गुण मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे आणि मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी लवकर माजावर येतात, असे अनेक ठिकाणी आढळले आहे.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांचे नाव काढले की आपल्याकडे काहींना ते रुचत नाही. पण वळूची निवड या विषयात त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे, कारण तेथे बहुतेक गाई आजही कुरणातच वळूकडून फळतात आणि रिकामी राहिलेली गाय मालकाला थेट तोट्यात नेते. ऑस्ट्रेलियात अँगस किंवा हेरेफर्ड जातीचा वळू लिलावाला येतो, तेव्हा यादीत त्याच्या छायाचित्राशेजारी आकडे असतात : वासराचे जन्मवजन, विण्यातील सुलभता, २०० आणि ४०० दिवसांचे वजन, आईचे दूध, वृषणांचा घेर. हे आकडे वळूच्या एकट्याच्या अंगकाठीवरून काढलेले नसतात. एकाच कळपात, एकाच हंगामात, सारख्याच चाऱ्यावर वाढलेल्या भावंडांशी आणि नातलगांशी तुलना करून ते काढतात, म्हणजे खुराकाचा चमत्कार आणि रक्ताचा गुण वेगळे करता येतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या तपासणीत दोन वर्षांवरील वळूचा वृषणघेर किमान ३४ सेंटिमीटर असावा लागतो आणि वीर्यात किमान ७० टक्के शुक्राणूंची घडण निर्दोष असावी लागते. यातील घेराचा आकडा विदेशी, लवकर वयात येणाऱ्या जातींसाठीचा आहे. खिलार किंवा डांगी खोंड उशिरा वयात येतो, त्याला तो जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. आपल्या जातींचे आकडे आपल्यालाच गोळा करावे लागतील, आणि त्यासाठी प्रदर्शनांइतकी सोयीची जागा नाही, कारण एकाच दिवशी एकाच जातीचे वळू तेथे ओळीने उभे असतात.

वळूच्या गव्हाणीबद्दलही लिहिणे भाग आहे. प्रदर्शनासाठी तयार केलेल्या वळूच्या अंगावर जी चमक दिसते, ती पुष्कळदा चरबीची असते. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावे लागते, म्हणून ते शरीराबाहेर लोंबतात; पिशवीच्या मानेत चरबी साठली की ही थंड राहण्याची व्यवस्थाच बिघडते. सरकीतील गॉसिपॉल या द्रव्याने शुक्राणूंच्या घडणीत दोष येतात, हे सिद्ध झाले आहे. गाईला चालणारी सरकी वळूला मुक्तहस्ताने घालू नये. उलट टोकाला, उत्तम चारा म्हणून वळूला बारा महिने लसूणघासच घालणारेही भेटतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते. दुधावाटे ते बाहेर टाकणाऱ्या गाईला ते हवेच असते, पण वळूकडे ते टाकायला वाट नसते आणि वर्षानुवर्षे असा आहार मिळालेल्या वळूंच्या मणक्यांवर हाडांची वाढ होऊन पाठ ताठरते, असे नोंदवले गेले आहे. वळूला कडबा आणि गवत मुख्य, घास बेताचा, खनिज मिश्रण नेमाने आणि रोज चालणे, इतके पुरते.

गाईच्या बाबतीत मात्र घासावरच सारे अवलंबून आहे, आणि माझ्या मते वळूच्या चर्चेत हाच भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. हाडे दिसणारी गाय माजावर येत नाही. आलीच तर मुका माज येतो, म्हणजे बाहेरून लक्षणे दिसत नाहीत, आणि मग वळूला किंवा रेतन करणाऱ्याला दोष दिला जातो. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. लसूणघासाच्या आणि बरसीमच्या कोरड्या भागात ती अठरा-वीस टक्क्यांपर्यंत असतात. नामांकित वळूच्या एका रेतनाला आज जे पैसे मोजले जातात, त्यात पाच गुंठ्यांचे घासाचे बी, संवर्धक आणि खत सहज बसते. आधी घास, मग वळू, असा खर्चाचा क्रम असावा.

बरसीम म्हणजे इजिप्तचे क्लोव्हर, लसूणघासासारखेच द्विदल चारापीक. १९०४ साली ते सिंधमधील मीरपूरखास येथे आणले गेले आणि तेथून उत्तर भारतात पसरले. त्याला थंडी आणि भरपूर पाणी लागते. आपल्याकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरले, तर पहिली कापणी पन्नास दिवसांच्या आसपास येते आणि मार्चचे ऊन चढेपर्यंत आणखी तीन-चार कापण्या मिळतात. पुढे ते तग धरत नाही. एकरी दहा ते बारा किलो बी लागते. बियात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते, म्हणून ते दहा टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेले काढून टाकावे, खाली बसलेले स्वच्छ पाण्याने धुवावे आणि रायझोबियम संवर्धक (मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवावे. या पिकाला नत्र थोडेच लागते, स्फुरद मात्र हवे. महिन्याभराचे रोप मुळासकट उपटून गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-लालसर रंग दिसला, तर हवेतील नत्र बांधण्याचे काम सुरू आहे असे समजावे; पांढरी किंवा हिरवट गाठ निकामी असते. ज्यांनी संवर्धकाचे पाकीट उन्हात ठेवून वापरले, त्यांच्या रानात ही पांढरी गाठ हमखास दिसते आणि मग युरियाची गोणी उघडली जाते.

कालव्याच्या काळ्या रानाला बरसीम शोभते. आमच्या माणदेशासारख्या भागात लसूणघासच बरा. एकदा पेरला की तीन वर्षे टिकतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे आरएल-८८ हे वाण आपल्याकडे रुळलेले आहे. चांगल्या पाण्यावर वर्षाला हेक्टरी शंभर टनांच्या आसपास हिरवा चारा धरला, तर गुंठ्याला टनभर पडतो. म्हणजे पाच गुंठ्यांतून रोज सरासरी तेरा-चौदा किलो, जो दोन खिलार गाईंना कडब्याच्या जोडीला पुरतो. कापणी फुलोऱ्याच्या सुरुवातीला, जमिनीपासून दोन-तीन इंच सोडून करावी. पार जमिनीला घासून विळा मारला की नवे फुटवे कमजोर येतात आणि मोकळ्या जागेत तण घुसते. अमरवेल दिसली तर तेवढा गोल कापून रानाबाहेर नेऊन जाळावा, कापलेला पाला बांधावर टाकू नये. पानांवर ठिपक्यांचा रोग फार पसरला असेल, तर कळीची वाट न पाहता कापणी उरकावी आणि तो घास फळवायच्या गाईंना कमी घालावा. रोगट घासात गाईच्या संप्रेरकासारखे वागणारे कूमेस्ट्रॉल हे द्रव्य वाढते. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४०च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हरवर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ राहिल्या, त्याचे कारण अशाच प्रकारचे द्रव्य निघाले. गाईंवर हा परिणाम मेंढ्यांपेक्षा कमी होतो, तरीही फळवण्याच्या दिवसांत उगाच धोका का घ्यावा?

पोटफुगीची भीती दाखवून घास टाळणारे शेतकरी मी पाहिले आहेत. भीती खरी आहे, पण उपाय अवघड नाही. कोवळ्या द्विदल चाऱ्यातील विरघळणाऱ्या प्रथिनांमुळे पोटात चिवट फेस तयार होतो, वायू त्यात अडकतो आणि ढेकर निघत नाही. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) फुगून पाठीच्या रेषेपर्यंत येते, गाय पाय झाडते, जीभ बाहेर काढते, आणि मग हातात अर्धा-पाऊण तासच उरतो. म्हणून दहिवराने भिजलेला घास सकाळी कापून लगेच टाकू नये; दुपारनंतर कापावा, कोमेजू द्यावा आणि आधी कडब्याची कुट्टी खाऊ घालून मगच द्यावा. भुकेल्या गाई घासाच्या रानात सोडणे तर पूर्ण वर्ज्य. न्यूझीलंडमध्ये पांढऱ्या क्लोव्हरच्या कुरणांवर गाई दिवसभर चरतात. तेथेही क्लोव्हरबरोबर रायगवत राखतात, क्लोव्हरचा वाटा फार वाढू देत नाहीत आणि धोक्याच्या दिवसांत पाण्याच्या हौदात फेस मोडणारे औषध मिसळतात. आपल्याकडे गोठ्यात गोडेतेलाची बाटली हाताशी असावी आणि ते पाजताना गाईची मान फार वर उचलू नये, नाहीतर तेल फुप्फुसात जाते.

आता रक्तसंबंधाकडे. एखाद्या वळूचे नाव झाले की पंचक्रोशीतल्या गाई त्याच्याकडेच जातात. तीन वर्षांनी त्याच्या कालवडी माजावर येतात, तेव्हा तोच किंवा त्याचा मुलगा वळू म्हणून उभा असतो. बाप आणि मुलगी यांच्या संयोगातून होणाऱ्या वासरात अंतःप्रजनन २५ टक्के, सावत्र भावंडांच्या संयोगात साडेबारा टक्के होते. कमी वजनाची वासरे, वारंवार उलटणाऱ्या गाई आणि तुटक वाढ हे त्याचे परिणाम दाव्याला दिसतात, पण नोंद नसल्याने कारण सापडत नाही. कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो शेतकऱ्याने मागून घ्यावा आणि गाईच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याशी जोडून वहीत लिहावा. नैसर्गिक रेतन करणाऱ्या वळूच्या मालकाने गाय कोणाची आणि कोणत्या तारखेला आली एवढे जरी लिहून ठेवले, तरी पुष्कळ काम होईल. रोगांच्या बाबतीत एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. ब्रुसेलोसिस मुख्यतः गर्भपाताच्या स्रावांतून पसरतो. मात्र व्हिब्रिओसिस आणि ट्रायकोमोनियासिस हे रोग रेतनातूनच एका गाईकडून दुसरीकडे जातात आणि वळू वरून ठणठणीत दिसत असतो. रोज नव्या गाई येणारा प्रसिद्ध वळू त्यामुळे सर्वांत धोक्याचा ठरू शकतो.

म्हणून पशुसंवर्धन विभागाला, प्रदर्शने भरवणाऱ्या बाजार समित्यांना आणि यात्रा समित्यांना माझी विनंती आहे की, वळू गटातील पहिल्या तीन क्रमांकांसाठी पशुवैद्यकाचे प्रजननक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे करावे. त्यात वृषणांचा घेर, पायांची आणि मुतानाची तपासणी, वीर्यतपासणी आणि ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी असावी. रक्ताची प्राथमिक चाचणी काही मिनिटांत जागेवर होते, फितीला तर खर्चच नाही. वीर्यतपासणी तेवढी आधी करून आणावी लागेल. शुक्राणू तयार होण्याचे चक्र सुमारे साठ दिवसांचे असल्याने प्रमाणपत्र दोन महिन्यांपेक्षा जुने चालू नये, कारण मधल्या काळात वळूला ताप येऊन गेला असेल तर जुना अहवाल निरुपयोगी ठरतो. गुणांकनात आईच्या आणि कालवडींच्या नोंदींना रंग आणि शिंगांपेक्षा अधिक गुण द्यावेत. असे केल्याने पहिल्या वर्षी अर्धे वळू बाद होतील आणि मालक नाराज होतील, हे मी गृहीत धरतो.

आपल्याकडे विनंती इतकीच की, वळूची बातमी घेताना आपल्या वार्ताहराने मालकाला चार प्रश्न अधिक विचारावेत : आई कोठे आहे, तिचे दूध किती, या वळूने फळवलेल्या किती गाई पहिल्या खेपेला राहिल्या, आणि शेवटची वीर्यतपासणी कधी झाली. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे. कार्तिकीच्या वाखरीच्या बाजारापासून यंदाच्या बातम्या सुरू होतील, आणि बरसीमची पेरणीही त्याच दिवसांत येते. दोन्ही मजकूर एकाच पानावर देता आले तर शेतकऱ्यांच्या अधिक उपयोगी पडतील.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक,
सांगोला तालुका, जि. सोलापूर